बेळगावच्या बाजारातलं पेपरमिंट मूळचं कुठलं?

बेळगावात सध्या मेडिकलवाले, पार्लरवाले, जिमवाले सगळेच पेपरमिंट ऑइलच्या छोट्या बाटल्या सुचवायला लागलेत, डोकं दुखतंय लावा, केस गळतात लावा, घरात उंदीर झालेत तर कापसावर घालून कोपऱ्यात ठेवा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे काहीतरी नवीन फॉरेनचं आलंय. नवीन कसलं! निपाणीपासून खानापूरपर्यंत जुन्या घरांत अमृतधारा होतीच की. कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल बाटलीत एकत्र घालून हलवलं की तिन्ही कोरडे खडे बघता बघता पाणी होतात, गॅसवर ठेवायची पण गरज नाही, कारण एकमेकांत मिसळले की ते नेहमीपेक्षा खूप कमी उष्णतेला वितळतात. लाहोरच्या पंडित ठाकूर दत्त शर्मांनी १९०१ मध्ये हे औषध बाजारात आणलं आणि ते एवढं चाललं की 'लक्ष्मणधारा' नावाच्या दुसऱ्या औषधावरून झालेला नावाचा वाद १९६२ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला.

आता गंमत अशी की ते पेपरमिंटचं फूल म्हणजे शुद्ध मेंथॉल, आणि आपल्याकडे मिळणारं मेंथॉल बहुतेक वेळा पेपरमिंटच्या झाडाचं नसतंच.

खरं पेपरमिंट (मेंथा पिपेरिटा) इंग्लंडचं. पाणथळ जागेतला पुदिना आणि स्पिअरमिंट (पुदिन्याचाच एक प्रकार) यांचा आपोआप झालेला संकर, जॉन रे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १६९६ मध्ये त्याची नोंद केली, हर्टफर्डशायरमध्ये सापडलेला. संकर असल्यामुळं त्याला नीट बी धरत नाही, मुळाचे फुटवे तोडून लावायचे एवढाच मार्ग. १७२१ मध्ये ते लंडनच्या अधिकृत औषधसूचीत गेलं, मग लंडनजवळच्या मिचम गावात शेती आणि तेल काढायच्या भट्ट्या सुरू झाल्या, पुढं तेच फुटवे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क, मिशिगनकडं मोठा धंदा झाला. या तेलात मेंथॉल साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं, बाकी मेंथोन वगैरे, म्हणून त्याचा वास थोडा गोडसर आणि मऊ येतो.

दुसरी वनस्पती जपानची, मेंथा आर्वेन्सिस. हिच्या तेलात मेंथॉल ७० ते ८० टक्के, म्हणजे तेल नुसतं गार केलं तरी खडे सुटतात. दुसऱ्या महायुद्धाआधी होक्काइडो बेटावरच्या कितामी भागातून जगाचं बरंचसं मेंथॉल जायचं. युद्धात तो व्यापार मोडला, मग ब्राझील पुढं आलं (तिथं पण जपानी वसाहतवाल्यांनीच लावलेलं), आणि १९५० च्या दशकात हेच झाड जपानमधून आपल्या जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत आलं. खरी कमाल केली ती लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संस्थेनं आणि उत्तर प्रदेशच्या शेतकऱ्यांनी. शिवालिक, कोसी अशा जाती आल्या, गहू-बटाटा निघाल्यावर आणि भात लावायच्या आधी जे रान मोकळं पडायचं त्यात मेंथा बसला, आणि बाराबंकीसारख्या जिल्ह्यात गावोगाव तेल काढायच्या टाक्या उभ्या राहिल्या. भारत यात जगात पहिल्या नंबरवर गेला, २००५ पासून तर एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्या-चांदीसोबत मेंथा ऑइलचा वायदा चालतो!

आपल्या भागात का नाही लावत, असं कुणीही विचारेल. माझ्या मते पाण्यामुळं. मेंथाला मार्च ते मे भरपूर पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच अथणी, रायबाग, चिकोडीकडं कृष्णा आटते, कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडं मागणी करावी लागते, आणि जे काही पाणी असतं ते ऊस पितो. खानापूरकडं पाऊस बक्कळ, पण तो जूननंतर.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाईकाला कुणी सांगत नाही. मेंथॉलचे खडे काढून घेतल्यावर जे तेल उरतं ते पेपरमिंटच्या जागी स्वस्तातलं म्हणून वापरलं जातं, त्यामुळं बाटलीवर 'मेंथा पिपेरिटा' लिहिलंय का 'मेंथा आर्वेन्सिस' हे बघून घ्या, भावात फरक का आहे ते तिथंच कळेल.

उपयोगाचं म्हणाल तर थंड वाटतं ते खरं थंड नसतंच. आपल्या नसांत गारवा ओळखणारा टीआरपीएम-८ नावाचा रिसेप्टर असतो, मेंथॉल तो चालू करतं, हे २००२ मध्ये सापडलं, आणि हे शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पोटाचा जुना उपयोग मात्र बऱ्यापैकी टिकलाय, हे तेल आतड्याचे स्नायू सैल करतं म्हणून आयबीएसवाल्यांना (ज्यांच्या आतड्यात सारखी कळ येते, पोट बिघडतं त्यांना) जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून देतात (ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांची जळजळ वाढू शकते). डोकेदुखीसाठी जर्मनीत १९९६ च्या एका अभ्यासात कपाळाला लावलेलं १० टक्के तेल ताणाच्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलच्या तोडीचं निघालं, म्हणजे बामवाल्या आज्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. फक्त सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ हे लावू नका, दोन वर्षांखालच्या पोराचा श्वास अडकू शकतो, आणि अमृतधारेतला कापूर पोरांच्या पोटात जाणं तर अजून वाईट. केस वाढतात हे जे पार्लरमध्ये सांगतात ते २०१४ च्या एका कोरियन अभ्यासावरून आलंय, तेल ३ टक्के होतं, चार आठवडे लावलं होतं आणि केस उगवले ते उंदरांच्या पाठीवर.