कलावंतस्मरण (सांगली-मिरज परिसर)

सांगली, मिरज आणि कृष्णा-वारणाकाठच्या गावांत जुन्या काळातील नट, नाटककार, गवई, शाहीर व तमासगीर यांची आठवण जागती ठेवण्याची परंपरा. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आणि मिरजेच्या दर्ग्यातील उरुसाची संगीतसभा ही तिची ठळक रूपे. तसबिरीला हार घालणे इथेही होतेच. पण गेलेल्या कलावंताच्या नावाने हयात कलावंताला मान देणे किंवा त्याला गायला बसवणे, हे या भागाचे वेगळेपण मानावे लागेल.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीतास्वयंवर' सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक कथा नाचत-गात दाखवणाऱ्या पथकांचे, खेळ पाहून असे काही मराठीत व्हावे, अशी इच्छा चिंतामणरावांना झाली आणि ते काम त्यांनी पदरच्या तरुण भाव्यांवर सोपवले. या खेळांत सूत्रधार पदे म्हणे, पात्रे त्यांतील भाव हावभावांनी आणि आयत्या वेळच्या संवादांनी दाखवीत. गणपती-सरस्वतीचे स्तवन, विदूषकाच्या लीला आणि आरडाओरडा करीत येणारे राक्षस असा सारा थाट असे. पुढच्या पिढीने राक्षसांच्या आरोळीवरून या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवले. त्यात अन्याय आहे. लिखित संवाद हाताशी नसताना रात्रभर प्रेक्षक धरून ठेवणे हे लहान काम नव्हे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, संस्थानचा आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक राजाश्रयातून लोकाश्रयात आले ते या फिरतीमुळे.

तंजावरच्या भोसले राजांच्या काळात मराठी नाटके त्याआधीच लिहिली गेली होती, त्यामुळे 'पहिले नाटक' या मानावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सलग चालत आलेल्या व्यावसायिक रंगभूमीचा आरंभ मात्र सांगलीचाच, हे म्हणणे टिकते. १९४३ मध्ये रंगभूमीच्या शताब्दीनिमित्त नाट्यसंमेलन सांगलीतच भरले, वि. दा. सावरकर अध्यक्ष होते. रंगभूमी दिनी अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीतर्फे विष्णुदास भावे गौरव पदक दिले जाते. पहिले मानकरी बालगंधर्व; अलीकडच्यांत सतीश आळेकर (२०२२) आणि प्रशांत दामले (२०२३). मुंबई-पुण्यात नाव झालेला नट या पदकासाठी सांगलीला येतो, यातच त्याचे मोल आहे.

याच मातीतले आणखी दोन नाटककार म्हणजे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८). कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात झाडाखालचा एक पार दाखवतात आणि 'शारदा' देवलांना इथे सुचली असे सांगतात. जरठ-कुमारी विवाहाला, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीच्या लग्नाला, त्या नाटकाने जो तडाखा दिला, तो ध्यानात घेता गावाला त्या पाराचा अभिमान वाटणे रास्तच आहे.

मिरजेचे स्मरण सुरांचे. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेची भूमिका करून रंगभूमीवर पाऊल ठेवले ते मिरजेत. ते जिथे उभे राहिले त्या हंसप्रभा थिएटरच्या जागी आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. किराणा या गायनघराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला घर केले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची अपार श्रद्धा होती. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्यातील चिंचेच्या झाडाखाली उरुसात रात्र-रात्र गाणे चालते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगळ, भीमसेन जोशी अशांनी इथे सेवा रुजू केली. 'सेवा' हाच शब्द गवयांच्या तोंडी असतो. बिदागीचा हिशेब इथे मांडायचा नसतो. ज्या शहरात तंबोरे घडतात, तिथे गवयाची आठवण गाण्यानेच व्हावी, यापरते उचित काय?

तमाशाच्या वाट्याला मात्र असा नेमाचा दिवस आणि पदक तितकेसे आले नाही, आणि ही उणीव बोचते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६–१९४५) यांनी ब्राह्मण घरातून येऊन तमाशाचा फड धरला, नर्तिका पवळाबाईंबरोबर तो गाजवला, अगणित लावण्या रचल्या आणि अखेर विपन्नावस्थेत दिवस काढले. सांगलीजवळच्या कवलापूरने तमाशाला एकामागून एक फड दिले. त्यांपैकी काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, यांचा 'जहरी प्याला' हा वग, म्हणजे तमाशातील कथानाट्य, विशेष गाजला. दोघे एकसारखे दिसत, आणि त्या सारखेपणातून उडणारा गोंधळ हेच त्या विनोदाचे भांडवल होते. गण (गणेशस्तवन), गवळण (कृष्ण-गौळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद) आणि मग वग, असा क्रम पाठ असलेले प्रेक्षक या भागातील जत्रांत अजून भेटतात. बतावणीतले सवाल-जबाब ते नकलेसह म्हणून दाखवतात. फडांच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणे गावोगावच्या घरांतून गोळा करून जपण्याचे काम नाट्यगृहांच्या डागडुजीइतकेच तातडीचे आहे.