जुनापाणीची शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या वाटेवर, शहरापासून सुमारे १२ किमी.वरील लोहयुगीन दफनभूमी. येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. काळ ढोबळमानाने इ.स.पू. पहिले सहस्रक. विदर्भातील महापाषाणीय (मोठ्या शिळांची थडगी उभारणारी) संस्कृती समजून घ्यायची, तर सुरुवात इथूनच करावी.

दक्षिण भारतातली, मोठ्या फरशा उभारून बांधलेली शिळाकोष्ठे पाहिलेल्या माणसाला येथे प्रथमदर्शनी काहीच दिसत नाही. काळ्या दगडांचे गोल कडे आणि आत मुरूम व लहान दगडांची बसकी भर, एवढेच. पण तो मुरूमच थडग्याचा महत्त्वाचा भाग आहे. मृताचे अवशेष आणि सोबतच्या वस्तू त्याच्याखाली ठेवलेल्या असत. म्हणून कड्याच्या बाहेरून फिरावे. आतला दगड हलवू नये.

काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात तिरपी सावली पडली की ते स्पष्ट उमटतात, भर दुपारी डोळ्यांदेखत हरवतात. एकोणिसाव्या शतकात येथे खोदणाऱ्या रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने या खळग्यांचे साम्य युरोपातल्या शिळांवरील खुणांशी जोडले होते. खळग्यांच्या ओळींचा संबंध सूर्याच्या स्थितीशी लावण्याचेही प्रयत्न झाले आहेत. मात्र अर्थाचा निवाडा झालेला नाही आणि घाईने करूही नये.

पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये तीन वर्तुळांचे उत्खनन केले. मानवी अवशेषांबरोबर काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी वस्तू आणि अश्वकुळातील प्राण्याचे अवशेष मिळाले. घोड्याला या लोकांनी दिलेला मान जवळच्या माहूरझरीत अधिक ठळक दिसतो: तेथे घोड्यांच्या तोंडावरचा तांब्याचा साज सापडला. नाइकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. थडग्यांतल्या कुऱ्हाडी आणि खंजीर कुठून आले, हा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. ही सगळी ठिकाणे नागपूर जिल्ह्यातलीच आहेत.

पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात कडी झाकली जातात. उन्हाळ्यात माळ तापतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाहणीस उत्तम. पाणी सोबत न्यावे. विदर्भातील अशी अनेक वर्तुळे शेती, मुरूमखोदाई आणि वाढत्या वस्तीखाली गेली आहेत. त्यामुळे जुनापाणीचा एकसंध राहिलेला विस्तार फार मोलाचा ठरतो.