क्रिस ब्रायंटच्या ३१ होमरनमागचा इतिहास

२०१३च्या हंगामात सॅन डिएगो विद्यापीठाच्या क्रिस ब्रायंटने ६२ सामन्यांत ३१ होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके, क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारले आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे गोल्डन स्पाइक्स व डिक हाउसर हे दोन्ही मानाचे पुरस्कार पटकावले. नुसता आकडा पाहिला तर ३१ हा विक्रम नव्हे. ओक्लाहोमा स्टेटच्या पीट इन्काव्हीलियाने १९८५ मध्ये एकाच हंगामात ४८ होमरन ठोकले होते आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. तरीही ब्रायंटचा हंगाम त्याच तोलाचा, माझ्या मते काकणभर सरसच, का ठरतो हे समजून घ्यायचे तर बॅटच्या इतिहासात शिरावे लागते.

महाविद्यालयीन खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएएने १९७४ मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी दिली. लाकडी बॅट वारंवार मोडतात आणि त्यांचा खर्च महाविद्यालयांना पेलत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते. (क्रिकेटमध्ये डेनिस लिली १९७९ साली पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा मात्र बॅट लाकडाचीच हवी असा नियम करून तो प्रश्न निकालात काढण्यात आला.) धातूची बॅट आतून पोकळ असते. चेंडू आदळताच तिची पातळ भिंत किंचित आत दबते आणि लगेच उसळून पूर्ववत होते, त्यामुळे लाकडी बॅटवर चेंडू चेपला जाताना जी ऊर्जा वाया जाते तिचा बराच भाग येथे चेंडूलाच परत मिळतो. उत्पादक ही भिंत अधिकाधिक पातळ आणि बॅट हलकी करत गेले, तशा धावा फुगत गेल्या. १९९८च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेचा, अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटविरुद्ध २१-१४ असा जिंकला, तेव्हा हा बेसबॉल आहे की दुसराच काही खेळ, अशी टीका उघडपणे होऊ लागली. शिवाय समोर उभ्या असलेल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जिवालाही धोका होताच.

बॅटच्या वजनावर आणि जाडीवर निर्बंध घालूनही भागेना, तेव्हा २०११ पासून ‘बीबीकोर’ हे मानक लागू झाले. चेंडू बॅटवरून किती उसळतो हेच त्यात थेट मोजले जात असल्याने धातूची बॅट जवळपास लाकडी बॅटसारखी वागू लागली. परिणाम तत्काळ दिसला. २०१० मध्ये प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी ०.९४ होमरन मारत होता, तो आकडा पुढच्याच वर्षी ०.५२ वर घसरला आणि नंतरही उतरत राहिला. त्यातच महाविद्यालयीन चेंडूची शिवण तेव्हा ०.०४८ इंच उंच असे, त्यामुळे हवेचा विरोध वाढून उंच मारलेला चेंडू मैदानातच पडे. ओमाहात २०१३ साली झालेल्या संपूर्ण कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये अवघे तीन होमरन लागले.

अशा काळात एका फलंदाजाने ३१ होमरन मारले. पहिल्या श्रेणीतील दोनशेहून अधिक संघांची अख्ख्या हंगामातील बेरीजही त्याहून कमी होती. लास व्हेगासचा हा मुलगा वडिलांच्या हाताखाली, घरामागे उभारलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात सराव करत वाढला होता. वडील माइक हे बोस्टन रेड सॉक्सच्या कनिष्ठ संघांतून खेळलेले. २०१० मध्ये टोरंटो ब्लू जेजने ब्रायंटला ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेच्या, अठराव्या फेरीत निवडले होते, पण करार न करता तो विद्यापीठात गेला. चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या खेळाडूला साधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत पुन्हा ड्राफ्टमध्ये येता येत नाही, आणि ब्रायंटचे तिसरे वर्ष नेमके २०१३ हेच होते. त्याला मारण्याजोगा चेंडू टाकायलाच अनेक पिचर तयार नसत; चार ‘बॉल’ (मारण्याच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) मिळून तो ६६ वेळा फुकट पहिल्या बेसवर गेला. त्या जूनमध्ये शिकागो कब्जने त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचलले.

होमरनचा दुष्काळ मात्र पुढे फार टिकला नाही. २०१५ मध्ये एनसीएएने शिवणीची उंची ०.०३१ इंचांवर आणली आणि चेंडू पुन्हा दूर जाऊ लागला. २०२४ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या चार्ली कॉन्डनने ३७ होमरन मारून बीबीकोर काळातील उच्चांक स्वतःच्या नावावर केला आणि गोल्डन स्पाइक्सही मिळवला. त्याचा चेंडू मात्र चपट्या शिवणीचा होता.