मेख कुठे रोवायची : पुढचे दात मागे नेण्याच्या शास्त्राची पार्श्वभूमी

भर पावसाळ्यात काळ्या रानात रोवलेली मेख आणि मुरमाड जागेत रोवलेली मेख यांतला फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. दावे तेच आणि जनावराची ओढही तीच, पण काळ्या मातीत मेखही जनावराबरोबर सरकते. पुढे आलेले दात तारेने मागे ओढणाऱ्या वैद्यकालाही दीर्घकाळ हीच अडचण होती, कारण ज्या दाढांना धरून ओढायचे त्या दाढाच काळ्या मातीतल्या मेखेसारख्या पुढे सरकत असत.

अशा उपचारात बहुधा दोन्ही बाजूंच्या पहिल्या उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा) काढून प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिमी जागा मिळवली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पुढच्या दातांवर जेवढे बल मागे जाते, तेवढेच दाढांवर पुढे येते. दाढांनी निम्मी जागा खाल्ली, तर दात काढूनही ओठ पुढेच राहतात. दाढा धरून ठेवण्यासाठी टाळूवरून तार टाकण्यात आली, डोक्यामागे पट्टा बांधणारे हेडगियरही आले. हेडगियर दिवसाचे बारा-चौदा तास लावावे लागते. जिंतूर किंवा केजहून एसटीने शाळेला येणाऱ्या मुलीने ते एप्रिलच्या उन्हात चेहऱ्यावर बाळगावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची होती, असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड बेग यांनी १९५० च्या दशकात वेगळा मार्ग दाखवला. हलक्या बलाने आधी दातांचे शिरोभाग, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारे भाग, मागे कलवायचे आणि मुळे नंतर सरळ करायची, म्हणजे दाढांवरचा ताण कमी होतो. उपाय हुशारीचा होता, तरी मेख दाढेचीच राहिली.

मेख थेट हाडात रोवण्याचा प्रयत्न १९४५ मध्ये गेन्सफोर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांवर केला. व्हिटॅलियम या मिश्रधातूचे त्यांचे स्क्रू महिन्याभराच्या आतच निखळले आणि विषय मागे पडला. पुढे स्वीडनमध्ये ब्रेनमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे दाखवले आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले रोपण केले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी नाकाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडाच्या टोकाखाली एक स्क्रू बसवून वरचे पुढचे दात सुमारे ६ मिमी वर उचलले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी अवघ्या १.२ मिमी जाडीचा आणि ६ मिमी लांबीचा स्क्रू वापरला, आणि त्यानंतर काही वर्षांतच कोरियातील अभ्यासकांनी दोन मुळांच्या मधल्या हाडात बसणारे सूक्ष्म स्क्रू रुळवले. हे स्क्रू ब्रेनमार्कच्या रोपणाप्रमाणे हाडाशी पूर्ण एकजीव होण्यावर विसंबत नाहीत. ते मुख्यतः आट्यांच्या पकडीवर टिकतात, म्हणूनच काम झाल्यावर उलटे फिरवून काढता येतात. ही मेख मुरमातली असली तरी खडकातली नव्हे. २००४ मध्ये लिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बल लावल्यावर असे स्क्रूही काही रुग्णांत किंचित कलतात, त्यामुळे शेजारच्या मुळापासून थोडे अंतर राखूनच ते बसवावे लागतात.

दाढांचा प्रश्न असा बराचसा मिटला, पण त्यामुळे आजवर आड राहिलेला दुसरा प्रश्न समोर आला, आणि माझ्या मते खरे शास्त्र तिथेच आहे. चार्ल्स बर्स्टन यांनी १९६० च्या दशकापासून ठामपणे मांडले होते की दात कुठे जाईल हे केवळ बलाच्या आकड्यावर ठरत नाही, बलाची रेषा दाताच्या प्रतिरोधकेंद्रापासून, म्हणजे जिथून बल गेले तर दात न कलता सरळ सरकतो त्या बिंदूपासून, किती दूरून जाते यावर ते ठरते. हे केंद्र हाडात रुतलेल्या मुळावर, हाडाच्या कडेपासून मुळाच्या साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या लांबीच्या दरम्यान असते. ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा खाचेचा छोटा तुकडा, मात्र दाताच्या उघड्या भागावर, वरच्या दातांत या केंद्राच्या बऱ्याच खाली चिकटवलेले असते. म्हणून ब्रॅकेटवर नुसते मागे ओढले, तर शिरोभाग मागे पडतो आणि मूळ जागेवरच राहते किंवा उलट पुढे जाते. दात उभाच्या उभा मागे न्यायचा असेल तर १०० ग्रॅम बलासोबत सुमारे १००० ग्रॅम-मिलिमीटर घूर्ण (दात फिरवणारा पीळ) द्यावे लागते, म्हणजे घूर्ण आणि बल यांचे गुणोत्तर १० मिमीच्या आसपास येते. ते ७ च्या जवळ असेल तर दात मुळाच्या टोकाभोवती कलतो, १२ च्या जवळ असेल तर मूळच अधिक हलते.

सूक्ष्म स्क्रूने हे घूर्ण आपोआप मिळत नाही. तो सहसा दुसऱ्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मुळांमध्ये, तारेच्या वर बसतो, आणि पुढे तारेवरच्या आकड्याला (हूकला) स्प्रिंग लावली जाते. आकडा आखूड असेल तर बलरेषा सहा दातांच्या सामायिक प्रतिरोधकेंद्राच्या खालून जाते, तार आणि ब्रॅकेटच्या खाचेतील सैलपणा त्यात भर घालतो आणि पुढचे दात आत कलून खाली लोंबतात. जिचे हसताना हिरड्या दिसणे कमी व्हायला हवे होते, तिच्या हिरड्या मग अधिकच दिसू लागतात. आकडा लांब केला की रेषा केंद्राजवळ येते, पण लांब आकडा लवतो आणि ओठाच्या आतल्या बाजूला टोचतो. तो किती उंच ठेवायचा, हा निर्णय दात किती कललेले आहेत ते मोजून प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

आपल्या भागात या निर्णयाला आणखी एक बाजू आहे. निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग लांबी कमी होत गेली तरी जवळपास सारखेच बल देत राहते. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत घरचे सगळे रानात असतात, तारीख चुकते आणि रुग्ण दोन-अडीच महिन्यांनी दवाखान्यात येतो. तोवर स्प्रिंग थांबलेली नसते, आणि बलरेषा पहिल्या दिवशी चुकलेली असेल तर दात त्याच चुकीच्या दिशेने जात राहिलेले असतात.