प्रोपेलरचे दोष आणि ते शोधण्याच्या रीती : पार्श्वभूमी

छोट्या विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, थरथरू लागला की हँगरमध्ये आधी बोल्ट पाहतात, मग पात्यांच्या टोकांची फेरी (सगळी टोके एकाच पातळीत फिरतात का), मग कडा आणि शेवटी तेल. हा क्रम जवळजवळ इतिहासाच्याच ओळीत आहे. आधी लाकूड बिघडायचे, मग धातू बिघडू लागला, मग तेलावर चालणारा हब, म्हणजे पाती धरणारा मधला भाग.

पहिला दोष तर पहिल्या उड्डाणाच्याही आधीचा. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकला इंजिन चालवून पाहताना राइट बंधूंना दातेरी चाके शाफ्टवर ढिली होताना दिसली. ती त्यांनी सायकलचा टायर चिकटवायच्या सिमेंटने पक्की केली. मग प्रोपेलरच्या पोकळ शाफ्टलाच तडा गेला. ऑर्व्हिल डेटनला परतले आणि भरीव पोलादी शाफ्ट घेऊन ११ डिसेंबरला आले. १७ तारखेला विमान उडाले. पुढे १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे त्यांच्या विमानाचे लाकडी पाते लांबीत चिरले, थरथर वाढली आणि पाते सुकाणूच्या ताणतारेला लागले. लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज त्यात गेले. मोटरच्या विमानातला तो पहिला मृत्यू.

लाकडी पंख्याची खोड म्हणजे तो हवेप्रमाणे फुगतो आणि आकसतो. जुहूला १९२८ पासून फ्लाइंग क्लब आहे. तिथल्या पावसाळ्यात कसलेला बोल्ट मार्चच्या कोरड्या हवेत तसाच घट्ट राहील, अशी खात्री धरू नये. बोल्ट ढिला पडला की हब आणि लाकूड एकमेकांवर घासतात, लाकूड काळे पडते, भोके लांबट होतात. फार आवळले तर लाकडाचे धागे चिरडतात, म्हणजे तोही उपाय नव्हे. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी टॉर्क पाना लावायचा. ऋतू बदलला तर तास भरायची वाट पाहू नये. टोकाच्या पत्र्यातली बारीक भोके ओलावा बाहेर पडण्यासाठी असतात. रंगकामात ती बुजली की पाते आतून कुजते. विमान उभे करताना पाती आडवी ठेवायची, नाहीतर पाणी खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो.

टोकांची फेरी पाहण्याची रीत साधी आहे. चाकांना गुटके लावा, किल्ली काढा, प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढा. एका टोकाजवळ ठोकळा ठेवून खूण करा, पंखा हाताने फिरवून दुसरे टोक तिथे आणा. फरक लाकडात एक अष्टमांश इंचापर्यंत चालतो, सुमारे ६ फुटी धातूच्या पंख्यात एक षोडशांश. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची तार तुटलेली असली तर स्विच बंद असूनही इंजिन ठिणगी देऊ शकते, तेव्हा पंख्याच्या फेरीत उभे राहू नये.

ड्युरालुमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) आले ते सिल्व्हेनस रीड यांच्यामुळे. त्यांचे पातळ, पिळलेले धातूचे पाते १९२१ मध्ये उडाले, १९२३ च्या श्नायडर या विमानांच्या शर्यतीत जिंकणाऱ्या कर्टिस विमानावर तेच होते, आणि १९२५ ची कॉलियर ट्रॉफी, हा अमेरिकेतला विमानविद्येचा पुरस्कार, त्यांना मिळाली. ओलाव्याची कटकट गेली आणि धातूच्या थकव्याची आली. धावपट्टीवरच्या खड्याने कडेला खाच पडली की ताण तिथे गोळा होतो, चीर तिथूनच सुरू होते आणि टोक तुटले तर उरलेल्या पंख्याचा तोल इतका बिघडतो की इंजिन त्याला धरणाऱ्या सांगाड्यावरून उखडू शकते. टोकाजवळच्या खाचा म्हणूनच सर्वांत वाईट.

खाच भरायची नसते, कानशीने उतरवायची असते. खाचेच्या तळापासून दोन्ही बाजूंना, पात्याच्या लांबीच्या दिशेने. पुढच्या कडेवर दुरुस्तीची लांबी खोलीच्या १० पट, सपाट अंगावर २० पट. मग बारीक पॉलिश पेपर, १० पटीचे भिंग, रंगद्रवाची तपासणी (चिरेत शिरणारा रंग लावून) आणि शेवटी रंग. उत्पादकाने दिलेल्या किमान जाडी-रुंदीखाली गेले तर पाते बाद.

धातूसोबत दुसरी भानगड आली, अनुनादाची, म्हणजे ठरावीक वेगाला थरथर वाढत जाण्याची. लायकॉमिंग ओ-३६० इंजिन आणि सेन्सेनिकच्या ७६ इंची पंख्याच्या जोडीत मिनिटाला २१५० ते २३५० फेऱ्यांमध्ये सतत चालवू नये, अशी खूण डायलवर असते. पण फेऱ्या दाखवणारे जुने यांत्रिक टॅकोमीटर चुकतात. वैमानिक २४०० वाचतो आणि पंखा त्या पट्ट्यातच बसलेला असतो. थरथरीची तक्रार आली की प्रकाशावर चालणाऱ्या मीटरने आधी डायल तपासावा. पुष्कळ तक्रारींचा शोध तिथून सोपा होतो.

तेलावर पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलणाऱ्या पंख्याचे श्रेय मुख्यतः फ्रँक कॉल्डवेल यांच्याकडे जाते; १९३३ ची कॉलियर ट्रॉफी त्यासाठीच होती. इथे पहिला प्रश्न : तेलाचा दाब गेला तर पाती कुठे जातात? एक इंजिनाच्या विमानांत बहुधा बारीक पिचकडे, म्हणजे फेऱ्या वाढतात. वजने लावलेल्या, दोन इंजिनांच्या प्रकारात उलट. टेकऑफला फेऱ्या क्षणभर चढून स्थिरावल्या तर तेल थंड असावे. रनअपमध्ये (उड्डाणाआधी इंजिन चालवून पाहताना) पिचचा लिव्हर दोन-तीनदा पूर्ण फिरवावा. फेऱ्या सतत वरखाली होत असतील तर हबमधली हवा, गव्हर्नरमधला (तेल सोडून फेऱ्या राखणाऱ्या भागातला) गाळ किंवा लिव्हरची चुकलेली जोडणी पाहावी. उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या कमी येत असतील तर गव्हर्नरला दोष देण्याआधी बारीक पिचचा स्टॉप आणि इंजिनाची ताकद तपासावी. मॅककॉले कंपनीच्या काही हबमध्ये लाल रंगाचे तेल भरतात. ते बाहेर दिसले तर सील गेले किंवा हबला चीर आहे, उड्डाण बंद. हार्टझेल कंपनीच्या पंख्यात ग्रीस गळते ते पुष्कळदा आपल्याच हाताने : समोरचे निपल (ग्रीस भरायचे तोंड) न काढता पंप मारला की सील फाटते. एक निपल काढायचे, दुसऱ्यातून सुमारे ३० मिली भरायचे किंवा समोरून ग्रीस येईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते.

तोल मोजण्याचे आजचे साधन कंपमापक. इंच प्रति सेकंद ०.२ च्या आत आणायचे, सुरुवातीलाच १.२ च्या वर असेल तर वजने लावत बसू नये, पंखा काढून कार्यशाळेत स्थिर तोल करवून घ्यावा. आणि पंखा फिरत असताना जमिनीला लागला असेल तर पाते सरळ दिसते म्हणून चालवायचा नाही. धक्का क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरपर्यंत गेलेला असतो, म्हणून इंजिनही उघडून तपासावे लागते.