बिल कोणाच्या नावावर फाडले?

कोळसा स्वस्त की सौर वीज, हा वाद बहुतेक वेळा प्रति युनिट दरावर येऊन थांबतो. त्या दरात काय धरायचे आणि काय सोडून द्यायचे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षे जुना आहे.

१७१२ साली न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन चालू झाले ते खाणीत साचलेले पाणी उपसण्यासाठी. ते कोळसा भरमसाट खाई, पण खाणीच्या तोंडाशी कोळशाला मोलच नव्हते, त्यामुळे ते परवडले. पुढे कारखाने, आगगाड्या, वीजकेंद्रे याच हिशेबावर उभी राहिली: खणून काढण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च म्हणजेच कोळशाची किंमत.

या हिशेबातली खोट १९२० साली अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी नेमकी दाखवली. आगगाडीच्या ठिणग्यांनी रुळांलगतची झाडे जळतात, पण ते नुकसान रेल्वेच्या खात्यात कुठेच चढत नाही. ज्याच्यामुळे नुकसान होते त्याच्यावर तेवढा कर बसवा, हा त्यांचा उपाय. आजचा कार्बन कर म्हणजे तीच कल्पना.

पिगूंचे म्हणणे लोकांना पटायला मात्र माणसे मरावी लागली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरके बसून राहिले. महायुद्धानंतरची देणी फेडण्यासाठी चांगला कोळसा परदेशी विकला जात होता आणि घरोघरच्या शेगड्यांत हलका कोळसा जळत होता. सुरुवातीला सुमारे ४,००० मृत्यू मोजले गेले. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला.

वेल्समधल्या ॲबरफॅनची गोष्ट मला त्याहून बोचते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीतल्या टाकाऊ मातीदगडांचा डोंगर घसरून खालच्या शाळेवर कोसळला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. चौकशीत दोष सरकारी कोळसा मंडळावर आला. तरीही गावावरचे उरलेले ढीग हलवण्यासाठी, लोकांनी पीडितांकरिता दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड काढून घेण्यात आले. ती रक्कम परत मिळाली १९९७ साली, तीही बिनव्याजी. कोळशाची खरी किंमत कोणाकडून वसूल होते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

हवेचे बिल तर सगळ्या जगाच्या नावावर आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर या वायूची मोजणी सुरू झाली तेव्हा त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे.

पर्यायांची सुरुवात महागच होती. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने केलेला सिलिकॉनचा सौर घट (सोलर सेल) जेमतेम सहा टक्के ऊन विजेत उतरवत असे. तो परवडला उपग्रहांना, कारण तिथे इंधन पोहोचवण्याची सोयच नव्हती. वारे फिरले अरब देशांच्या १९७३ च्या तेलबंदीने. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. आयात तेलावर जगणारा डेन्मार्क वाऱ्याकडे वळला आणि १९९१ मध्ये त्याने समुद्रात ११ पवनचक्क्या रोवल्या. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने अशा विजेला वीस वर्षे ठरावीक दराची हमी दिली, चीनने प्रचंड कारखाने उभारले आणि २०१० ते २०२० मध्ये मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला. इथे इंधन फुकट, पण भांडवल सगळे आधी ओतावे लागते. म्हणून व्याजदर चढला की सौर वीज महागते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२२ साठी जीवाश्म इंधनांवरचे अनुदान सात लाख कोटी डॉलर धरले. त्यात उघड अनुदान १.३ लाख कोटींचे. उरलेल्याचा मोठा भाग म्हणजे किमतीत न धरलेले प्रदूषण आणि तापमानवाढ.

पर्यायांचेही न भरलेले हिशेब आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाने बारा लाखांहून अधिक माणसे उठवली. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोतून येतो आणि तिथल्या काही खाणींत मुलेही राबतात. सौर पॅनेल पंचवीस-तीस वर्षांनी भंगारात जाते. या शेवटच्या बाबतीत निदान युरोपीय संघाने २०१२ साली पॅनेल ई-कचऱ्याच्या नियमांत आणले आणि ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च उत्पादकावर टाकला.