डिफ-लॉक वेगळा, एलएसडी वेगळं

भाच्याला त्याच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचंय. पोळ्याला गावी आला तेव्हा म्हणाला, "मामा, तुमच्या ट्रॅक्टरात आहे ना, तेच ते." तेच नव्हे, बाबा.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं, जोर मात्र दोघांना सारखाच देतं. गोची तिथेच आहे. पांधणीच्या काळ्या चिखलात एक चाक सटकलं की ते फिरवायला जोर लागतोच किती? तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. एक गरगरतं, दुसरं कोरड्यावर असूनही ढिम्म.

ट्रॅक्टरचं डिफ-लॉकचं पायडल दाबलं की दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकजीव होतात. मग पकड ज्या चाकाला असेल ते गाडी ओढून काढतं. पण लॉक लावून कडक जमिनीवर वळाल तर टायर घासतात, आतल्या दात्यांवर ताण येतो, कधी शाफ्टच तुटतो. म्हणून सरळ निघायचं आणि बाहेर आलं की पाय उचलायचा.

एलएसडी असं हट्टाला पेटत नाही. एका प्रकारात क्लचच्या चकत्या असतात. त्या एका चाकाला दुसऱ्यापेक्षा फार पुढे पळू देत नाहीत, तरी वळणापुरती सूट देतात. वेगानं वळणातून निघताना आतलं चाक हलकं होतं, तिथे याचा खरा उपयोग. टॉर्सनसारख्या प्रकारात चकत्यांऐवजी तिरक्या दात्यांचे गिअर असतात. ते कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देतात. मात्र चाक हवेत लटकलं तर शून्याची तिप्पटही शून्यच. म्हणजे भाच्याचं एलएसडी आमच्या वावरात कदाचित फसेल, आणि माझा लॉक त्याच्या वळणावर गाडी सरळच नेऊ पाहील.

फोर्ड मस्टँगवाल्यांची भाषा ऐकून तो आणखी गोंधळला होता. 1986 पासून व्ही-8 इंजिनाच्या मस्टँगला 7.5 ऐवजी 8.8 इंची अ‍ॅक्सल आला. हा आकडा क्राऊनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या दातेरी चाकाच्या व्यासाचा, लॉकचा नव्हे. ताकद वाढवली तर 28 दात्यांचे शाफ्ट काढून 31 दात्यांचे जाड शाफ्ट घालतात, ते तुटू नयेत म्हणून. पकडीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. फक्त सरळ रेषेत शर्यत लावणारे काहीजण आतले गिअर चक्क वेल्डिंगनं जाम करतात. तो झाला कायमचा लॉक. रस्त्यावरच्या गाडीत ते करू नये.

नावानंही फसगत होते. मारुतीच्या जिम्नी गाडीत 'ब्रेक एलएसडी' आहे, पण त्यात अ‍ॅक्सलमध्ये चकत्या वगैरे काही नसतं. संगणक गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोर पलीकडे जातो. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक जोडणारी कडी काढून सटकलेल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबणाऱ्या आमच्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको.

भाच्याला एकच बजावलंय. चकत्यांचं एलएसडी बसवल्यावर हळू वळताना मागून कटकट आली, तर लगेच क्राऊन-पिनियन खोलू देऊ नकोस. आधी तेल बघ. या चकत्यांना घर्षण कमी करणारं द्रव्य मिसळलेलं तेल लागतं, आणि मेकॅनिक सवयीनं साधंच ओततो.